योग्य मासा कोणता? घरातल्या समुद्री टाकीचा इतिहास



आजचा विषय वरवर पाहता हौसेचा आहे. घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवायची, तिच्यात जिवंत प्रवाळ वाढवायचं आणि त्यात शोभतील असे मासे सोडायचे. ही हौस आता मुंबई-पुण्यातही बरीच दिसते. दुकानात गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो असा: "या टाकीसाठी योग्य मासा कोणता?" मला आज या एका प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. कारण हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांत तीन-चार वेळा बदलला, आणि प्रत्येक वेळी तो बदलायला पुष्कळ मासे मरावे लागले.

आधी शब्दाकडे बघू. 'योग्य' हा शब्द 'युज्' या धातूवरून आला. युज् म्हणजे जोडणं. म्हणजे योग्य हा शब्द एकट्यानं उभा राहूच शकत नाही, योग्य म्हणजे कशाशी तरी जुळणारा. आपल्याकडे पूर्वी लग्नं ठरवताना 'मुलगी योग्य आहे' असं म्हणायचे. मुलगा तिला योग्य आहे का, हे कुणी विचारत नसे. माशांच्या बाबतीत आपण बराच काळ तेच केलं. मासा टाकीला योग्य आहे का, एवढंच पाहिलं. टाकी माशाला योग्य आहे का, हा प्रश्न फार उशिरा आला. तो कसा आला, ते आता पाहू.

सुरुवात अर्थातच 'जगेल का?' इथून झाली. झान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच बाईंनी सिसिलीतल्या मेसिना इथं १८३२ च्या सुमारास काचेच्या टाक्या बनवून घेतल्या. त्यांना आर्गोनॉट नावाचा, ऑक्टोपसच्या कुळातला प्राणी अभ्यासायचा होता. तो आपलं कवच स्वतः बनवतो की दुसऱ्याचं पळवतो, असा वाद होता. स्वतःच बनवतो, हे बाईंनी टाकीत पाहून सिद्ध केलं. पण तिथं समुद्र शेजारीच होता. समुद्रापासून दूर, शहरातल्या घरात समुद्र ठेवण्याचा मान जातो लंडनच्या अ‍ॅना थिन यांच्याकडे. १८४६ साली त्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत कठीण प्रवाळ घेऊन लंडनला आल्या. घरी काचेच्या भांड्यात ते ठेवले. पाण्यात हवा कशी मिसळायची? पंप नव्हता. मग उघड्या खिडकीपाशी उभं राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, रोज अर्धा-पाऊण तास. आपण चहा गार करतो ना, तसं. आणि हे काम करायची घरातली मोलकरीण. तिचं नाव इतिहासात नाही. असो. ते प्रवाळ सुमारे तीन वर्षं जगले. गंमत बघा, घरातल्या समुद्राच्या आरंभीच प्रवाळ होतं. पुढे शंभर वर्षं ते जवळजवळ कुणालाच साधलं नाही.

१८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं टाकीचं तत्त्व मांडलं. त्यानं गोड्या पाण्यात सोनमासे, एक पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवल्या. वनस्पतीनं प्राणवायू द्यायचा, माशानं तो घ्यायचा, गोगलगाईनं कुजकी पानं खायची. असा तोल साधला की पाणी बदलावं लागत नाही, असं त्यानं दाखवलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाऊस' उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि इंग्लंडात अक्षरशः लाट आली. काचेवरचा कर १८४५ मध्येच रद्द झाला होता, त्यामुळे काच स्वस्त होती. रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. मध्यमवर्गीय कुटुंबं बादल्या आणि छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर जाऊ लागली.

त्या वेळी योग्य मासा कोणता ठरला? खडकांमधल्या डबक्यांतले छोटे मासे, म्हणजे ब्लेनी, गोबी यांच्यासारखे. आणि हे उत्तर बरोबर होतं. विचार करा, ओहोटीच्या वेळी डबक्यातलं पाणी उन्हानं तापतं, पाऊस आला की त्याचा खारेपणा उतरतो, प्राणवायू कमी होतो. हे मासे असले हाल सोसायला तयार झालेले आहेत. आजसुद्धा नवशिक्याला गोबी आणि ब्लेनी घ्या असं सांगतात, त्याचं मूळ इथं आहे. पण पुढं काय झालं? गॉस यांचा मुलगा एडमंड पुढे लेखक झाला. आपल्या आत्मचरित्रात, १९०७ साली, तो लिहून गेला की वडिलांच्या पुस्तकांमुळे किनाऱ्यावर माणसांची झुंबड उडाली आणि ती सुंदर डबकी ओरबाडली गेली. वडिलांनाही त्याचं दुःख होतं, असं तो सांगतो. निसर्गावर प्रेम करायला शिकवणारा माणूस, आणि त्याच्या शिकवणीनंच ती जागा उजाड झाली. हा प्रसंग लक्षात ठेवा.

दुसरा काळ विसाव्या शतकाच्या मध्याचा. उष्ण कटिबंधातले समुद्री मासे हौसेसाठी निर्यात करण्याची सुरुवात १९३० च्या दशकात आपल्या शेजारच्या श्रीलंकेतून, अगदी लहान प्रमाणावर झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन गोष्टी आल्या: प्लॅस्टिकची पिशवी आणि जेट विमान. पिशवीत थोडं पाणी, वर प्राणवायू, तोंड घट्ट बांधलेलं. एवढ्या बळावर फिलिपाइन्समधला मासा दोन दिवसांत अमेरिकेत किंवा जर्मनीत पोचू लागला. १९६० च्या दशकात तयार समुद्री मिठाची मिश्रणं बाजारात आली. आता समुद्र जवळ असण्याची गरजच उरली नाही.

त्या काळातली टाकी कशी होती? तळाशी खडी, खडीखाली फिल्टर, आणि सजावटीला पांढरंशुभ्र प्रवाळ. ते पांढरं होतं, कारण ते मेलेलं होतं. ब्लीचमध्ये धुतलेला सांगाडा. टाकी जितकी निर्जंतुक तितकी चांगली, अशी समजूत होती. माशाला रोग झाला की पाण्यात तांब्याचं औषध घालत. तांबं रोगजंतूंबरोबर प्रवाळ, कोळंबी, समुद्रफूल या सगळ्यांना मारतं. म्हणून टाकीत फक्त मासे.

आणि मासे कोणते? दिसायला सगळ्यात देखणे: मोठे एंजलफिश, ट्रिगर, आणि फुलपाखरू मासे. इथं मला थोडं थांबायचं आहे. फुलपाखरू माशांच्या काही जाती अशा आहेत की त्या फक्त जिवंत प्रवाळाचे कोवळे जीव, म्हणजे पॉलिप, टिपून खातात. दुसरं काही त्या सहसा खातच नाहीत. त्या माशाला माणसानं कुठं ठेवलं? प्रवाळाच्या सांगाड्यांमध्ये. भुकेल्या माणसाला मेणाच्या फळांनी भरलेल्या खोलीत कोंडावं, तसं. तो मासा सांगाड्यावर चोच मारत राहायचा आणि काही आठवड्यांत जायचा. मालक म्हणायचा, "जात नाजूक आहे." जात नाजूक नव्हती, जेवण नव्हतं. हजारो मासे असे गेल्यावर दुसरा प्रश्न रूढ झाला: हा खातो काय?

हा प्रश्न साधा वाटतो, पण अजूनही फसवतो. मँडरिन नावाचा मासा घ्या. निळा-नारिंगी, जणू पैठणीचा काठ. तो दिवसभर खडकावरचे सूक्ष्म कवचधारी जीव, कोपेपॉड, टिपत हिंडतो. नव्या, स्वच्छ टाकीत ते जीव नसतात. मासा हिंडताना दिसतो, टिपताना दिसतो, म्हणून मालक निर्धास्त असतो, आणि मासा हळूहळू खंगत जातो. दुसरं उदाहरण क्लीनर रॅसचं. हा मासा समुद्रात 'दुकान' मांडून बसतो. मोठे मासे येतात, तो त्यांच्या अंगावरचे परजीवी खातो. त्याला घरच्या टाकीत पाच-सहा गिऱ्हाइकं पुरणार कशी? २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी याच माशावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. आरशात पाहून आपल्या अंगावरची खूण तो घासून काढायचा प्रयत्न करतो, असं त्यांना आढळलं. त्याचा अर्थ काय लावायचा यावर वाद आहे आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाला तो वाद आवडणारच. पण त्याच्या आहाराबद्दल वाद नाही. बहुतेक घरगुती टाक्यांत तो टिकत नाही.

तिसरा काळ जिवंत प्रवाळाचा. याची सुरुवात युरोप-अमेरिकेत झाली असं पुष्कळांना वाटतं. खरं तर जकार्तामधल्या ली चिन एंग या हौशी माणसानं १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत लिहिली होती. समुद्रातून जिवंत खडक आणायचा, म्हणजे ज्याच्या छिद्राछिद्रांत जीवाणू आणि लहान जीव राहतात असा. टाकीत तो ठेवायचा आणि फक्त हवेचे बुडबुडे सोडायचे. बाकी काम खडक करतो. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट, आणि खडकाच्या आत, जिथं प्राणवायू पोचत नाही तिथं, काही नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन तो निघून जातो. वॉरिंग्टनला वाटलं होतं की तोल वनस्पती आणि प्राणी यांच्यात आहे. खरा तोल सांभाळत होते ते न दिसणारे जीवाणू.

ली यांच्याकडे बाहेर फारसं लक्ष गेलं नाही. १९७० च्या दशकात पेटर विल्केन्स आणि बर्लिनमधल्या हौशी लोकांनी जिवंत खडक, फेसावाटे घाण काढणारं प्रोटीन स्किमर आणि तीव्र प्रकाश यांची सांगड घातली. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेनं अमेरिकेत 'घरातला रीफ' लोकप्रिय केला. अ‍ॅना थिन यांना जे साधलं होतं, ते दीडशे वर्षांनी सगळ्यांना साधू लागलं.

आणि माशांची यादी पुन्हा बदलली. आता 'रीफ-सेफ' हा शब्द आला. जो प्रवाळ खात नाही, कोळंबी खात नाही, तो मासा योग्य. फुलपाखरू मासा पुन्हा बाहेर! आधी प्रवाळ मेलेलं म्हणून तो उपाशी मरत होता, आता प्रवाळ जिवंत आहे म्हणून त्याला प्रवेश नाही. ज्याचं अवघं आयुष्य प्रवाळावर, तोच प्रवाळाला 'असुरक्षित' ठरला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. घरातली टाकी ही रीफ नाही. समुद्रात फुलपाखरू मासा एका प्रवाळावर दोन टोचे मारून पुढे जातो, कारण पुढे मैलभर प्रवाळ आहे. टाकीत पुढे काच आहे. आपण रीफचा एक तुकडा ठेवतो, आणि त्या तुकड्यात कोण मावेल ते निवडतो.

मावणं म्हणजे फक्त लांबी-रुंदी नव्हे. पिवळा टँग दुकानात दोन इंचांचा असतो, पुढे आठ इंचांपर्यंत वाढतो, दिवसभर पोहत शेवाळ चरतो. समुद्रात तो चाळीस वर्षंही जगल्याची नोंद आहे. तीन फुटी टाकीत तो तीन वर्षांत गेला, तर 'म्हातारा झाला होता' असं म्हणता येत नाही. शेजारही बघावा लागतो. डॅमसेल जातीचे मासे स्वस्त, चिवट आणि भांडखोर. ते आधी सोडले की सगळी टाकी आपली समजतात आणि नंतर येणाऱ्याला जगू देत नाहीत. म्हणून शांत मासा आधी, भांडखोर शेवटी.

आता चौथा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड: हा आला कुठून?

१९६० च्या दशकात फिलिपाइन्समध्ये मासे पकडायला सोडियम सायनाइड वापरायला सुरुवात झाली. गोळ्या पाण्यात विरघळवायच्या, पिचकारीनं प्रवाळाच्या फटीत मारायच्या, गुंगलेला मासा हातानं उचलायचा. तिथल्या सरकारनं १९७५ च्या हुकमानं याला बंदी केली, तरी प्रकार चालूच राहिला आणि इंडोनेशियातही पसरला. मासा दुकानात येईपर्यंत ठणठणीत दिसतो. आतून यकृत बिघडलेलं असू शकतं. काही आठवड्यांनी तो घरी मरतो आणि मालक आपल्या पाण्याला दोष देतो. ज्या प्रवाळावर फवारा गेला ते तिकडे पांढरं पडतं. ते पांढरं प्रवाळ मालकाला कधी दिसत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या संस्थेनं २००३ मध्ये एक अहवाल काढला. जगभरात दरवर्षी २ कोटी ते २ कोटी ४० लाख समुद्री शोभिवंत मासे विकले जातात, असा त्यांचा अंदाज होता. गोड्या पाण्यातल्या शोभिवंत माशांपैकी सुमारे ९० टक्के जाती पैदास केलेल्या, आणि समुद्री मासे मात्र बहुतांश थेट समुद्रातून. हा फरक का? गोड्या पाण्यातला गप्पी घरच्या बरणीतही पिलं देतो. बहुतेक समुद्री मासे सूक्ष्म अंडी पाण्यात सोडून देतात. अळ्या प्रवाहाबरोबर वाहतात, त्यांचं तोंड इतकं लहान की त्यांना पुरेल इतकं बारीक, जिवंत अन्न तयार करणं हीच मोठी विद्या. पिवळ्या टँगची पिलं हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटमध्ये २०१५ साली पहिल्यांदा वाढवता आली, तीही अनेक वर्षांच्या खटपटीनंतर.

क्लाउनफिश, म्हणजे आपला विदूषक मासा, याला सुखद अपवाद आहे. तो खडकाला अंडी चिकटवतो, नर राखण करतो, पिलं जरा मोठ्या आकाराची निघतात. अमेरिकेत मार्टिन मो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याची व्यापारी पैदास केली. 'फाइंडिंग नीमो' हा चित्रपट २००३ चा; त्यात नीमोची आई जाते आणि बाप त्याला वाढवतो. खऱ्या समुद्रात आई गेली असती तर बापच मादी झाला असता! या माशात सगळे आधी नर असतात आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो. म्हणून जोडी हवी असेल तर एक लहान आणि एक जरा मोठा घ्यावा, किंवा दोन्ही लहान घ्यावेत. बाकी ते ठरवतात.

आता बांगाई कार्डिनल हा मासा पाहू. माझा सगळा मुद्दा या एका माशात आहे. इंडोनेशियात सुलावेसीच्या पूर्वेला बांगाई नावाची बेटं आहेत. मूळचा हा मासा फक्त तिथला. १९३३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, मग जग त्याला विसरलं. १९९४ मध्ये जेराल्ड अ‍ॅलन यांना तो पुन्हा आढळला, छायाचित्रं आली आणि मागणी उसळली. रुपेरी अंग, काळे पट्टे, पांढरे ठिपके, शांत स्वभाव, प्रवाळाला त्रास नाही. टाकीला याहून योग्य मासा सांगता येणार नाही. त्याचा नर अंडी तोंडात उबवतो आणि पूर्ण तयार पिलं बाहेर सोडतो. वाहून जाणारी अळी नाही. म्हणूनच तो घरीसुद्धा वाढवता येतो. पण त्याच कारणानं, एका उपसागरातले मासे उचलून नेले तर दुसरीकडून वाहत येऊन ती जागा भरणारं कुणी नसतं. जो गुण त्याला टाकीसाठी योग्य करतो, तोच त्याला समुद्रात दुबळा करतो. २००७ मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघानं त्याला धोक्यातल्या जातींत टाकलं. तेव्हा 'बांगाई कार्डिनल योग्य आहे का?' याचं एक उत्तर नाही. पैदास केंद्रातला असेल तर उत्तम. बेटांवरून ओढून आणलेला असेल तर नको. मासा तोच, टाकी तीच, पण उत्तर बदललं.

कुणी म्हणेल, मग समुद्रातला मासा घेऊच नये. इथं मी सावध राहीन. मासे पकडणारी माणसं गरीब किनाऱ्यांवरची आहेत. जाळ्यानं, नीट मोजून पकडलं, तर रीफ सांभाळण्यात त्यांचाही फायदा असतो. सगळी पैदास श्रीमंत देशांतल्या केंद्रांत गेली, तर त्यांना रीफ राखण्याचं एक कारण कमी होतं. हवाईत १९९८ मध्ये कायदा झाला आणि पश्चिम किनाऱ्याचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग शोभिवंत मासे पकडायला बंद केला. बंद भागात पिवळे टँग वाढले. म्हणजे मधला मार्गही असतो, फक्त तो कुणीतरी मोजून आखावा लागतो. तरीही तिथला वाद मिटला नाही. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण-परीक्षणाशिवाय व्यापारी परवाने देणं अडवलं.

आपल्याकडचं काय? कठीण प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे यांना २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण मिळालं. म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातला प्रवाळाचा तुकडा घरी आणणं हा गुन्हा आहे. मेलेला असला तरी. दुसऱ्या बाजूला, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं विदूषक माशांच्या पैदाशीच्या पद्धती बसवल्या आहेत. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर स्थानिक स्त्रिया शोभिवंत कोळंबी वाढवतात. आपल्या ऐरोलीतही समुद्री शोभिवंत माशांची पैदास होते. म्हणजे 'आला कुठून?' या प्रश्नाला इथं चांगलं उत्तर मिळू शकतं, विचारलं तर.

तेव्हा उद्या कुणी तीन फुटी, १८० लिटरच्या आसपासची टाकी मांडत असेल, तर इतिहास त्याला काय सांगतो? आधी खडक आणि पाणी, चार ते सहा आठवडे मासा नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत थांबायचं. मग पैदास केलेल्या विदूषक माशांची एक जोडी, एक गोबी, फार तर पैदास केलेले दोन कार्डिनल. एकेक करून, आधी वेगळ्या टाकीत काही आठवडे नजरेखाली ठेवून. टँग नको, मँडरिन नको, क्लीनर रॅस नको, फुलपाखरू तर नकोच. यादी लहान वाटेल. पण या यादीतल्या प्रत्येक 'नको'मागे कुणाच्या तरी टाकीत मेलेले मासे आहेत, आणि ती किंमत एकदा चुकती झालेली आहे. आपण ती पुन्हा मोजायची गरज नाही.

आणि दुकानात हे चार प्रश्न त्याच क्रमानं विचारा. माझ्या पाण्यात जगेल का? खातो काय? मोठा किती होतो आणि शेजाऱ्यांशी कसा वागतो? आला कुठून? पहिल्या तिघांची उत्तरं आता पुस्तकांत मिळतात. चौथ्याचं उत्तर फक्त दुकानदार देऊ शकतो, आणि गिऱ्हाईक विचारील तेवढंच तो देतो. त्याला सांगता आलं नाही, तर मासा कितीही सुंदर असो, पिशवी परत ठेवून बाहेर पडा.